टेनिसचा चेंडू घरोघर, टेनिस मात्र कुठेच नाही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केदारखेडा येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते शाळेत सहशिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला "शिक्षण आणि खेळ" या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आहे आणि माझी पात्रता लहान आहे. शिवाय या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच, आणि "सुदृढ शरीरात सुदृढ मन" या वाक्यापाशी येऊन थांबते. ते वाक्य खरेच आहे, पण ते पुन्हा सांगण्यासाठी आपला वेळ घ्यावा असे मला वाटत नाही. म्हणून मी ज्या एकाच खेळाशी माझा थोडाफार संबंध आला, त्या टेनिसविषयी बोलणार आहे. मी खेळाडू नव्हे. हौस म्हणून रविवारी रॅकेट हाती धरणारा एक मास्तर आहे. पण हौशी माणसाला बाहेरून ज्या काही गोष्टी दिसतात, त्या कधी कधी आत गुंतलेल्याला दिसत नाहीत, एवढ्याच भरवशावर मी उभा आहे.

तुम्ही म्हणाल, केदारखेड्यात टेनिस कशाला? पूर्णाकाठचे आपले गाव, कापूस-मक्याचा मुलूख, आणि हा तर साहेबलोकांचा खेळ. पण मित्रहो, एक गंमत पाहा. आपल्या गावात टेनिसचा चेंडू नाही असे घर सापडणे कठीण. गल्लीत, खळ्यावर, शाळेमागच्या पडीत आपली मुले क्रिकेट खेळतात ते टेनिसच्याच चेंडूने. चेंडू घरोघर आहे, टेनिस मात्र कुठेच नाही! वस्तू दारात आलेली आहे, पण ती कशासाठी निर्माण झाली ते आपल्याला ठाऊक नाही. शिक्षणाचेही आपल्याकडे पुष्कळदा असेच होते. पण ते असो.

मी हा खेळ प्रथम पाहिला तो २००५ साली, दूरदर्शन संचावर. मी तेव्हा शाळेत होतो. हैद्राबादची एक अठरा वर्षांची मुलगी ऑस्ट्रेलियात तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचून सेरेना विल्यम्सशी खेळली. ती हरली, पण पुढच्याच महिन्यात तिने आपल्या गावी, हैद्राबादला, डब्ल्यूटीए दर्जाची स्पर्धा जिंकली. एकेरीत अशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. नाव सानिया मिर्झा. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना टेनिसचे गुण कसे मोजतात हे माहीत नव्हते. पंधरा, तीस, मग एकदम चाळीस, हा काय हिशेब, असे ते विचारीत. तरी सगळे घर सामना पाहत बसले होते. कारण हैद्राबाद आपल्याला परके नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. आजही जालन्याच्या स्टेशनावर रात्री गाडीत बसले की सकाळी तिकडे उतरता येते. आपली सोयरीक तिकडे, आपल्या बोलीवर तिकडची छाप. त्यामुळे ती मुलगी कोणी लांबची वाटली नाही.

पुढे बी.एड. साठी मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राहिलो. खर्च भागावा म्हणून एका क्लबात संध्याकाळी वर्गणीची वही लिहिण्याचे काम धरले. सभासद मंडळी घरी गेली की तिथला मार्कर, म्हणजे सभासदांबरोबर खेळणारा आणि कोर्टाची निगा राखणारा पगारी माणूस, मला म्हणायचा, "मास्तर, वही मिटा आणि जरा या इकडे." तो फारसा शिकलेला नव्हता. पण त्याने मला पहिल्या दिवशी जे सांगितले ते बी.एड. च्या कोणत्याही पेपरात नव्हते. तो म्हणाला, "चेंडू जोराने मारायचा नाही, वेळेवर मारायचा. जोर मागाहून येतो." मी वर्गात आजही हेच वाक्य वापरतो.

नोकरी लागून गावी आलो, तेव्हा शाळेच्या मैदानाच्या कडेला मुरूम टाकून, रोलर फिरवून आम्ही एक कोर्ट आखले. लांबी ७८ फूट, एकेरीसाठी रुंदी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट. आखणी चुन्याची. दोन लोखंडी पाइप रोवून मासेमारीचे जुने जाळे बांधले. मध्यभागी ते तीन फुटांवर राहावे म्हणून मधोमध दोरीने खाली ओढून घेतले. कोणी हसले, कोणी म्हणाले मास्तरांना वेड लागले. पण मुले आली. मुलांना कोर्ट कसले आहे याची फिकीर नसते. सानिया मिर्झा हिने स्वतःच सांगितले आहे की तिने सुरुवात केली ती हैद्राबादेत शेणाने सारवलेल्या कोर्टावर. आपल्या आयाबहिणी रोज अंगण सारवतात. अशा सारवलेल्या जमिनीवरून एक मुलगी विम्बल्डनला जाऊन पोहोचली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या खेळात आपली माणसे पूर्वीपासून आहेत, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. हैद्राबादचे सय्यद मोहम्मद हादी हे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळले. याच हादी साहेबांनी पुढे रणजी करंडकाच्या पहिल्याच हंगामात त्या स्पर्धेतले पहिले शतक काढले. ते इतके खेळ खेळत की लोक त्यांना इंद्रधनुष्य म्हणत. लखनौजवळच्या मलिहाबादचे गौस मोहम्मद खान १९३९ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. तेथवर जाणारे ते पहिले भारतीय. कलकत्त्याचे अख्तर अली डेव्हिस चषकात भारताकडून खेळले आणि नंतर त्यांनी आयुष्य मुलांना शिकविण्यात घालविले. त्यांचे चिरंजीव झीशान अली हेही देशासाठी खेळले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या जोडीने हांगझौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. श्रीरामपूर काही लंडनमध्ये नाही. तेही आपल्यासारखेच उसाचे आणि एस.टी.चे गाव आहे.

पण बंधूंनो, मी येथे केवळ नामावळी वाचण्यासाठी उभा नाही. नामावळीने टाळ्या मिळतात, आणि टाळ्यांच्या आवाजात दुसरी बाजू ऐकू येत नाही. ती दुसरी बाजू आज सांगितली पाहिजे, कारण ती न सांगितल्याने एक चूक माझ्याच हातून घडली आहे.

आमच्या कोर्टावर एक मुलगा फार चांगला खेळू लागला. त्याचे नाव मी सांगणार नाही. तो चपळ होता, चेंडूचा टप्पा त्याला आधी कळायचा, आणि डाव्या बाजूचा फटका तर माझ्यापेक्षा चांगला मारायचा. मी भर वर्गात त्याचे कौतुक करू लागलो. "हा उद्याचा मोठा खेळाडू" असे चारचौघांत म्हणू लागलो. कौतुक करायला मास्तराला पैसे पडत नाहीत. एके दिवशी त्याचे वडील शाळेत आले. साधे शेतकरी, साडेचार एकर कोरडवाहू जमीन. बाकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, मैं दो एकर बेच देतूं. लडके कू हैद्राबाद भेजतूं. आप बोले तो शाळा से नाम निकाल लेतूं."

मित्रहो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यांची दोन एकर जमीन माझ्या एका वाक्यावर टांगलेली होती! त्या वेळी मी स्पष्ट "नाही" म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "एक स्पर्धा पाहू, मग ठरवू." मनात लालूच होती. माझा विद्यार्थी, माझे कोर्ट, माझे नाव.

विभागाच्या ठिकाणी मुलांची स्पर्धा होती. तेथे गेलो. समोरचा मुलगा सात वर्षांचा असल्यापासून रोज चार तास शिकवणी घेणारा होता. त्याच्या पिशवीत तीन रॅकेट होत्या. आमच्याजवळ एक होती, तिचीही तार सैल. सामना सुरू झाला. आमच्या मुलाला चेंडू दिसेपर्यंत तो मागे गेलेला असायचा. पहिला सेट ०-६ असा गेला. दुसऱ्यात एका गेममध्ये त्याने कसेबसे चाळीस-तीस केले. आणखी एक गुण मिळाला असता तर निदान एक गेम नावावर पडला असता.

या लहान स्पर्धांत प्रत्येक सामन्याला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याने त्याने स्वतः सांगायचे असते. समोरच्याचा फटका आला आणि आमच्या मुलाच्या डाव्या कोपऱ्यात रेषेजवळ पडला. मला तो बाहेर वाटला. सगळ्यांना बाहेर वाटला. समोरचा मुलगासुद्धा मान हलवून मागे फिरला. पण आमच्या मुलाने वाकून खूण पाहिली आणि हात आडवा करून सांगितले की चेंडू आत आहे. चाळीस-चाळीस झाले. पुढचे दोन्ही गुण गेले, गेम गेला, आणि सामना ०-६, ०-६ असा संपला. सगळा मिळून पाऊण तासही लागला नाही.

तो जाळीपाशी हात मिळवून बाहेर आला, आणि मी, चाळीस मुलांना नीतीचे धडे देणारा मास्तर, सर्वांदेखत त्याच्यावर ओरडलो, "तो गुण कशाला दिलास? कोणी मागितला होता?" तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, चुना उडाला होता."

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला होता. एक शब्द बोलला नाही. राजूर मागे पडले, गाव आले, उतरला आणि घरी गेला. पुढे महिनाभर तो कोर्टावर आला नाही. वर्गात मागच्या बाकावर बसू लागला. त्याला हरल्याचे दुःख नव्हते, हे मला नंतर समजले. त्याला दुःख याचे होते की जी गोष्ट बरोबर केली तिच्यासाठी शिक्षा मिळाली, आणि तीही ज्याने शिकवली त्याच माणसाकडून.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांसमोर, आईसमोर त्याची माफी मागितली. मास्तराने विद्यार्थ्याची माफी मागणे आपल्याकडे फारसे रूढ नाही. जड गेले. पण नंतर हलके वाटले. आणि त्याच ओट्यावर बसून मी त्याच्या वडिलांना ते सगळे सांगितले जे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. तेच आज तुम्हा सर्वांना सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. २०२५ साली विम्बल्डनच्या एकेरीच्या विजेत्याला तीस लाख पौंड मिळाले. पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही सहासष्ट हजार पौंड मिळाले. वर्तमानपत्रात हे आकडे येतात आणि आपले डोळे दिपतात. पण त्या पहिल्या फेरीत बसण्यासाठी जगातले पहिले शंभर-सव्वाशे खेळाडू पात्र ठरतात. बाकीचे हजारो खेळाडू कुठे खेळतात? ते खेळतात पंधरा हजार डॉलरांच्या लहान स्पर्धांत. हे पंधरा हजार एका माणसाचे नव्हेत. सगळ्या खेळाडूंत वाटायचे. विजेत्याला दोन हजारांच्या थोडे वर, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरांच्या आसपास. त्यातून विमानाचे भाडे, राहणे, जेवण, तार बसविणे, प्रशिक्षकाचा पगार. पुष्कळांना जिंकूनही तोटाच होतो.

सुमित नागल हा हरियाणातल्या एका खेड्यातला मुलगा. २०१५ साली विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत तो विजेता होता. पुढे तो देशातला पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू झाला. २०२३ साली त्याने वार्ताहरांना सांगितले की वर्षभर खेळून आपल्या खात्यावर नऊशे युरो, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये, उरले आहेत. पुढे मदत मिळाली, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित बुब्लिकला हरविले. एखाद्या भारतीय पुरुषाने ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरविण्याची ही १९८९ नंतरची पहिलीच वेळ. म्हणजे देशात जो सर्वांत पुढे होता त्याची ही कथा. मग दोन एकर विकून आपण नक्की कोणत्या रांगेत उभे राहणार आहोत, याचा हिशेब बापाने करायला नको काय?

दुसरी गोष्ट वयाची. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० साली तेरा वर्षांची असताना व्यावसायिक खेळाडू झाली. सारे जग तिच्यामागे धावले. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले. आणि पुढच्या दोन वर्षांत ती इतकी थकली, इतकी खचली की खेळ सोडून गेली. तिच्यासारख्या मुलींचे हाल पाहून १९९५ पासून महिलांच्या संघटनेने वयाचे नियम घातले: चौदा वर्षांखालील मुलीने व्यावसायिक स्पर्धा खेळायचीच नाही आणि अठरा वर्षांपर्यंत मोजक्याच स्पर्धा खेळायच्या. कॅप्रियाती पुढे परत आली, २००१ साली दोन मोठ्या स्पर्धा जिंकली, ही खुदाची मेहेरबानी. पण मधली वर्षे कोण परत देणार?

याच्या उलट उदाहरण व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या बहिणींच्या वडिलांचे. मुली लहान गटात एकामागून एक सामने जिंकत असताना, सेरेना अवघी दहा वर्षांची असताना, त्यांनी दोघींना राष्ट्रीय मुलांच्या स्पर्धांतून काढून घेतले. घाई नको, शाळेकडे लक्ष द्या, असे त्यांचे म्हणणे. लोकांनी नावे ठेवली. पुढे काय झाले ते जग जाणते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मोसंबीचे झाड लावले की पहिली काही वर्षे बहर धरू देत नाहीत, फुले आली तरी खुडून टाकतात. ज्याने घाईने बहर धरला त्याची बाग लवकर जाते.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. "खेळ की अभ्यास" असा प्रश्न आपण मुलापुढे टाकतो, तो प्रश्नच मुळात चुकीचा आहे. सोमदेव देववर्मन अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला, २००७ आणि २००८ साली तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचा विजेता झाला, आणि २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक आणले. आपली ऋतुजाही अमेरिकेच्या विद्यापीठात शिकत असतानाच खेळली. खेळाच्या जोरावर तिकडे शिष्यवृत्ती मिळते. पण त्या दारातून आत जायला बारावीची गुणपत्रिका आणि इंग्रजी लागते, नुसती रॅकेट चालत नाही. आपल्या राज्यातही शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत टेनिस आहे. ठराविक पातळीवर खेळलेल्यास दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्या जागेसाठीही शिक्षण लागते. शाळेतून नाव काढणे म्हणजे शिडी चढण्यासाठी खालच्या पायऱ्या कापणे होय.

आता माझ्या भगिनींसाठी आणि मुलींच्या पालकांसाठी थोडे बोलतो. मुलगी मैदानावर गेली की लोक काय म्हणतील, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. लोक काहीतरी म्हणणारच. सानियाच्या कपड्यांवरून २००५ साली मोठे वादळ झाले होते. तो वाद मी येथे उकरणार नाही. पेहराव हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. पण पेहरावाच्या नावाखाली खेळच बंद करणे, हे उत्तर नव्हे. आमच्या कोर्टावर मुली सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून खेळतात, आणि चेंडूची त्याबद्दल काही तक्रार नाही. महिलांच्या संघटनेनेही २०१९ च्या हंगामापासून स्कर्टशिवाय नुसत्या लांब लेगिंगवर खेळण्यास परवानगी दिलेली आहे. ट्युनिशियाची ओन्स जाब्यूर २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात खेळली. दोन्ही वेळा हरली, दुसऱ्या वेळी भर मैदानात रडली, तरी तिच्या देशाने तिला डोक्यावर घेतले. मुलीला हरण्याचाही हक्क असतो, हे मला त्या दिवशी उमगले.

आणि सानियाचीच आणखी एक गोष्ट. २००७ साली ती एकेरीत जगात सत्ताविसाव्या क्रमांकावर होती. पुढे मनगट आणि गुडघे यांच्या दुखण्याने तिला बेजार केले. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. लोक म्हणाले, संपली. तिने दुहेरी धरली. मार्टिना हिंगिसशी जोडी जमली. तीही एकदा दुखापतीने खेळ सोडून परत आलेली. या दोघींनी ओळीने एकेचाळीस सामने जिंकले. २०१५ च्या एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. मिश्र दुहेरीच्या तीन आणि महिला दुहेरीच्या तीन, अशा सहा मोठ्या स्पर्धा जिंकून २०२३ साली ती निवृत्त झाली. एक दार बंद झाले तर तिने दुसरे शोधले. ज्या विद्यार्थ्याला गणितात कमी गुण पडतात म्हणून तो स्वतःला नापास समजतो, त्याने ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी.

पालकहो, म्हणून माझी आपणास नम्र विनंती अशी. मुलाला किंवा मुलीला खेळ जरूर द्या. रोज एक तास द्या. टेनिस असेलच असे नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती, जे जवळ आहे ते. महाराष्ट्राच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक मिळविले, आणि त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळाले ते थेट १९९६ साली, लिअँडर पेसला, टेनिसमध्ये. चव्वेचाळीस वर्षे मधे गेली. आखाड्यातला पैलवान आणि कोर्टावरचा खेळाडू एकाच माळेचे मणी आहेत. पण खेळाला लॉटरीचे तिकीट समजू नका. जमीन विकू नका, कर्ज काढू नका, शाळा सोडवू नका. मूल खरोखरच असामान्य असेल, तर ते गावात मास्तराच्या तोंडून ठरत नाही. ते जिल्ह्याच्या, विभागाच्या, राज्याच्या स्पर्धेत निकालावरून ठरते, आणि तिथपर्यंत जाण्यास जमीन विकावी लागत नाही. आणि सामना संपल्यावर पोराला "जिंकलास का" हे विचारण्याआधी "जेवलास का" हे विचारा.

आम्हा शिक्षकांसाठीही एक गोष्ट मी शिकलो. कौतुक मोजून करावे, आणि रागावताना दहा वेळा विचार करावा. मुलाच्या पराभवात आपला अपमान पाहू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला फक्त एवढेच सांगतो. टेनिसमध्ये घड्याळ नसते. कितीही मागे पडलात तरी शेवटचा गुण होईपर्यंत सामना संपत नाही. कोर्टावर तुमच्या शेजारी दोष द्यायला कोणी नसते. आणि तुमच्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे तुम्हालाच सांगायचे असते. उद्या तुम्ही तलाठी व्हाल, दुकानदार व्हाल, डॉक्टर व्हाल, मास्तर व्हाल. तेथेही पुष्कळदा पंच नसतो. रेषा तुम्हालाच पाहावी लागते.

तो मुलगा आज या मांडवात बसलेला आहे. यंदा तो दहावीला आहे. त्याच्या वडिलांनी जमीन विकली नाही. दोन्ही एकरांत या हंगामात कापूस उभा होता. संध्याकाळी तो कोर्टावर येतो, आणि लहान मुलांना सर्व्हिस कशी करायची ते दाखवितो. मोठा खेळाडू तो होईल की नाही, मला माहीत नाही, आणि आता मी त्याबद्दल बोलतही नाही. पण परवा दोन लहान मुलांचे भांडण लागले, चेंडू आत होता की बाहेर. दोघेही माझ्याकडे आले नाहीत. त्याच्याकडे गेले. तो खाली वाकला, चुन्याची खूण पाहिली आणि निकाल दिला. दोघांनीही तो मुकाट्याने मानला.

मी जाळीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून पाहत होतो. मला वाटले, आपल्या कोर्टाचे पैसे फिटले.

 संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एकच विनंती करून माझे भाषण संपवितो: पुढील वर्षी शक्य झाल्यास आम्हाला एक खरी नेट घेऊन द्यावी. मासेमारीचे जाळे आता फार फाटले आहे, आणि चेंडू त्यातून आरपार जातो. मग तो वरून गेला की मधून, याचाही निकाल त्याच मुलाला द्यावा लागतो.

खुदा हाफिज.